ओहोटीच्या दोन तास आधी: खडकाळ किनाऱ्यावरचे शंख

पहिला दिवस आम्ही फुकट घालवला. तक्त्यात ओहोटी ७.४० ची होती, म्हणून साडेसातला खडकांवर हजर झालो. तक्त्यातली वेळ पाणी सगळ्यात खाली असण्याची असते, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही विसरलो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे केली, तोवर पाणी परत फिरलं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्या हिशोबाने दुसऱ्या दिवशी साडेआठची होती. आम्ही साडेसहालाच पोचलो. पुढचं सगळं त्या दुसऱ्या दिवसाचं.

दिवस निवडायचा तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. तेव्हा उधाण असतं आणि पाणी सगळ्यात लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर खालचा मजला पाण्याखालीच राहतो.

मजला हा शब्द मुद्दाम वापरला. खडकावर खरोखर मजले असतात, आणि ते वरून खाली पाहत जावं. बहुतेक लोक तडक पाण्याच्या कडेला जातात (आदल्या दिवशी आम्हीही गेलो) आणि सगळ्यात चिवट मंडळी पायाखालून निघून जातात.

ही मंडळी म्हणजे वरच्या कोरड्या खडकाच्या भेगांत दाटीवाटीने बसलेले वाटाण्याएवढे शंख. तिथे लाटा नाहीत, फक्त तुषार पोचतात. भिंग घेऊन एकाजवळ नाक नेलं तेव्हा दिसलं की त्याचा पाय खडकाला लागलेलाच नाही. पाय आत ओढून दाराला झाकण लावलेलं, आणि कवचाची कड वाळलेल्या चिकट स्रावाने खडकाला चिकटवलेली. तापलेल्या खडकाशी संबंध येतो तो तेवढ्या कडेपुरता, त्यामुळे खालून चटका कमी बसतो. बोटाने ढकललं की हा सांधा तुटतो आणि शंख घरंगळतो. एकदा ढकलून पाहिलं, पुन्हा नाही. तुम्ही तर एकदाही नको.

इतक्या वर राहायचं कशाला, असं मी विचारलं. मित्र म्हणाला, ‘अरे, खाली त्याला खाणारे बसलेत.’ ढोबळ नियम हाच: वरची हद्द ऊन आणि कोरड ठरवतात, खालची बहुतेक वेळा खाणारे आणि शेजारी. नियमाला अपवाद भरपूर आहेत, पण डोळ्यांना दिशा मिळते.

मधल्या मजल्यावर आम्ही सगळ्यात जास्त रमलो, कारण तिथे आमचा लिंपेट होता. लिंपेट म्हणजे टोपीसारखं कवच असलेली गोगलगाय. आदल्या दिवशी जाता जाता मित्राने एकाच्या कवचाच्या कडेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि अगदी त्याच्यासमोर खडकावर दुसरा. आज दोन्ही ठिपके तसेच समोरासमोर! मधल्या काळात दोनदा भरती येऊन गेली होती. अनेक जातींचे लिंपेट चरायला बाहेर पडतात आणि स्वतःच्याच स्रावाच्या वाटेने परत त्याच जागी, त्याच कोनात येऊन बसतात. मऊ खडक असेल तर कवचाच्या घासण्याने खडकात खाच पडते. कठीण असेल तर कवचच खडकाच्या आकाराने वाढतं. खडकाशी असा घट्ट बसला की ओल आत टिकते. म्हणून लिंपेट उपटून ‘जवळच’ ठेवणं म्हणजे त्याला बेघर करणं.

हे चरणं किरकोळ नसतं. १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ फुटलं. किनाऱ्यावरचं तेल घालवायला जी रसायनं फवारली, त्यांनी लिंपेट मोठ्या प्रमाणावर मेले. पाठोपाठ खडक शेवाळाने हिरवेगार झाले. घडी पूर्ववत बसायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

खालच्या मजल्यावर शिणाण्यांचे, म्हणजे काळ्या लांबट शिंपल्यांचे, गालिचे आणि त्यांत शिकारी शंख. हे कवचाला भोक पाडतात: थोडा वेळ दातेरी जिभेने खरवडायचं, मग पायातल्या ग्रंथीचा स्राव लावून कवच मऊ करायचं, परत खरवडायचं. एका शिंपल्याला कित्येक तास, कधी दोन दिवसही लागतात. शिणाणेही गप्प बसत नाहीत. एक शिकारी शंख आम्हाला त्यांच्या चिवट धाग्यांनी चहूबाजूंनी जखडलेला सापडला. आपण खडकाला ज्या धाग्यांनी धरून असतो तेच ते शत्रूवर टाकतात. सुटला नाही तर तो उपाशी मरतो. मी कुणाची बाजू घ्यावी ते ठरेना, तसाच राहू दिला.

सामानात भिंग, जाड तळव्याचे बंद बूट आणि पाणी एवढं पुरे. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, खरबरीत बार्नेकल्सवर, म्हणजे खडकाला चिकटलेल्या छोट्या कवचाच्या जीवांवर, पकड मिळते. पण पर्याय असेल तर उघड्या खडकावरूनच चाला. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. उष्ण समुद्रात नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हात लावू नका. कोन शंखांचा दंश विषारी असतो, काही जातींचा माणसाला प्राणघातक. रिकामे शंखही तिथेच राहू द्या, खेकड्यांना घर म्हणून लागतात.

परतताना दुसरी चूक झाली. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढं चढतं, म्हणून निवांत वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होतो. आम्ही ठिपक्यापाशी बसून राहिलो होतो. पहिली लाट त्याच्यावरून गेली, मग चार-पाच आणखी. कवच खडकापासून दाण्याएवढं उचललं गेलं, खालून दोन शिंगं डोकावली आणि दोन ठिपक्यांमध्ये नखाएवढं अंतर पडलं. तोवर मागची घळ भरली होती. गुडघाभर पाण्यातून, बूट हातात न घेता, भिंतीला धरून बाहेर आलो. घळ आधी पाहून ठेवा, आणि ओहोटीनंतर तासाभरात तिच्या किनाऱ्याकडच्या बाजूला या.