तुम्ही विचारलंत म्हणून: खालच्या पोरांच्या याद्या कशाला बघता?

"मॅच त वरची टीम खेळते भाऊ, मंग तुमी खालच्या पोट्ट्यायच्या याद्या काहून पायत बसता?" दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हे मला इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकतो.

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात बॅट फिरवायची नसते, संघ चालवायचा असतो. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असली की ती येईपर्यंत जागावंच लागतं. तेव्हा मी लॅपटॉप उघडतो आणि आधी खालच्या संघांकडे वळतो.

अमेरिकेत मेजर लीगचे 30 संघ. प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे चार संघ, त्याखाली नवख्यांची रूकी लीग. वर मात्र जागा 26. खालचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर सोपवता येतो आणि पुष्कळ जण सोपवतातही. मला ते पटत नाही. पोराच्या नावापुढे किती स्टार आहेत यापेक्षा तो रोज मैदानात उतरतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं. बाकावर बसून कोणी घडत नाही.

समजा, डबल-एमध्ये 23 वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आहे. हात चांगला, बॅट बेताची. हाय-एमधला 20 वर्षांचा शॉर्टस्टॉप दोन महिने पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, झोडपतोय. धाकट्याला नुसता वर ढकलला तर एक जण बसून राहणार. म्हणून मी आधी थोरल्याला सेकंड बेसवर खेळवून बघतो, तिथे तो रुळला की मगच धाकट्याला बोलावतो. आणि वर गेल्यावर पहिल्या महिन्यात त्याचे आकडे पडले तरी त्याला हलवत नाही. नव्या पिचरांचे चेंडू ओळखायला वेळ लागतो, तेवढा द्यावाच.

खरी कसोटी नोव्हेंबरात. क्लबच्या राखीव यादीत 40च नावं बसतात. 18 किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्या पोराला पाच हंगामांनंतर, 19 किंवा त्याहून जास्त वयाच्याला चार हंगामांनंतर या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरातल्या 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या फेरीत, दुसरा क्लब त्याला 1 लाख डॉलरला उचलू शकतो. फक्त पुढचा अख्खा हंगाम त्याला वरच्या संघात ठेवावं लागतं. बरं, घाईने आत घेतलं तरी पंचाईत. यादीतल्या खेळाडूला खाली पाठवायला साधारण तीनच हंगाम मिळतात. ते संपले की त्याला खाली धाडण्याआधी बाकीच्या क्लबांना विचारावं लागतं, आणि कोणीतरी हात वर करतंच.

हे नुसते खेळातले नियम नाहीत. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी रोबेर्तो क्लेमेंते नावाच्या पोर्टो रिकोच्या पोराला आपल्या हाताखालच्या माँट्रियलच्या संघात ठेवलं आणि फारसं खेळवलंच नाही. त्या वर्षी तळाला राहिलेल्या पिट्सबर्गच्या माणसांनी त्याला तिथे हेरलं आणि नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत उचललं. पुढे त्याने पिट्सबर्गसाठी 3,000 हिट्स (फटका मारून बेस गाठणं) मारल्या. पोरगा डॉजर्सच्या घरातच होता, तरी गेला.

म्हणून 40 वं नाव ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एकीकडे 31 वर्षांचा रिलीव्हर (पहिला पिचर थकल्यावर येणारा पिचर) असतो, आज कामाचा, दोन वर्षांनी नसणारा. दुसरीकडे सिंगल-एमधला पिचर: चेंडू जोरात, नेम अजून कच्चा. तो वरच्या संघात एक हंगामही टिकणार नाही असं दिसलं तर मी बिनधास्त त्याला यादीबाहेर ठेवतो, कारण त्याला कोणी उचललाच तरी बहुतेक परत पाठवेल. पण तो डबल-एपर्यंत पोचलेला असेल आणि दुसऱ्या प्रकारचा चेंडूही हाताला लागला असेल, तर रिलीव्हरला निरोप देतो. त्या हंगामात चार मॅच जास्त हरलो तरी चालेल.