ब्रायटनच्या ५३ नावांत नसलेला सॅपर

साताऱ्याकडच्या एका कुटुंबाचा प्रश्न सरळ होता. पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळात वारले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तर भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथे बांधलेल्या छत्रीवर त्यांचे नाव आहे का? ब्रायटनच्या स्थानिक इतिहासाच्या चौकशा पाहताना असा प्रश्न आला की मी नावाआधी पदकांचे फोटो मागवतो. नावाची इंग्रजी स्पेलिंगे कारकुनागणिक बदलतात, जाधवचे जाधाव आणि जाडो होते. पदकावरचा नंबर मात्र तोच राहतो. फक्त नंबर रेजिमेंटपुरता असे, त्यामुळे पलटणीचे नाव सोबत नसेल तर तो निरुपयोगी.

फोटो आले ते पुसट. खंडेनवमीला पदके चिंचेने घासायची पद्धत अनेक घरांत आहे, आणि त्यात चांदीच्या पदकाच्या कडेवरची अक्षरे झिजून जातात. कृपा करून घासू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून पुन्हा फोटो काढायला सांगितले. मग ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या सपाट बाजूवर नंबर उमटला आणि त्याखाली ‘३ एस. अँड एम.’: म्हणजे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, सैन्यातले अभियंता दल. ताऱ्याच्या पुढच्या पट्टीवर ‘१९१४-१५’ नव्हते, नुसते ‘१९१४’ होते. हा तारा २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये पोचलेल्यांनाच मिळाला.

बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावर चालून गेल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. घरच्यांचा तर्क असा की ते तिथे जखमी होऊन ब्रायटनला आले. पण तारखा जुळत नाहीत. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात भारतीय जखमी येऊ लागले ते डिसेंबरमध्ये. ब्रायटनला आलेच असतील तर नंतरच्या दुखण्यामुळे.

घरात डोम या राजवाड्याच्या आवारातल्या घुमटाकार इमारतीतल्या खाटांच्या रांगांचे एक पोस्टकार्डही होते. तो पुरावा नाही; अशी कार्डे तेव्हा खूप छापली गेली. राजवाड्यात उपचार होतात हे जगाला दाखवायचे होते. त्यामागची व्यवस्था मात्र खरीच नेटकी होती. पॅव्हिलियन, डोम आणि कॉर्न एक्स्चेंज मिळून सातशेहून अधिक खाटा, निरनिराळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरे, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. याशिवाय यॉर्क प्लेसची शाळा आणि एल्म ग्रोव्हवरचे किचनर इस्पितळ. म्हणून नुसते ‘ब्रायटनचे इस्पितळ’ म्हणून भागत नाही, तीनपैकी कोणते ते विचारावे लागते.

यानंतर याद्या. ब्रायटनला वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना पॅचमच्या माथ्यावर अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली; पॅचम म्हणजे ब्रायटनलगतची टेकडी. मुसलमानांचे दफन वोकिंगला झाले. चितांच्या जागी ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत आणि वर पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची छत्री. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा, ही गोष्ट मराठी पाहुण्यांना मी आवर्जून सांगतो. अनावरण १ फेब्रुवारी १९२१ ला झाले. त्या छत्रीवर एकाही सैनिकाचे नाव नाही. ५३ नावे आहेत ती शेजारच्या भिंतीवर, आणि ती भिंत २०१० ची. जुन्या फोटोंत नावे शोधणारे इथेच फसतात.

या ५३ जणांत हा नंबर नव्हता. पण १९१५ अखेर या कंपन्या जिच्यात होत्या ती लाहोर डिव्हिजन फ्रान्समधून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, हलली आणि या कंपन्याही गेल्या. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत नंबर आणि पलटण दोन्ही जुळले ते बसरा स्मारकाखाली, तारीख १९१६ ची. बसऱ्याच्या दगडावर त्यांचे नाव मिळणार नाही. तिथे भारतीयांपैकी नावे अधिकाऱ्यांची आहेत, बाकी शिपायांची फक्त संख्या. शिवाय १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेले.

कुटुंबाला तीच नोंद पाठवली. ती मंडळी तरीही जूनमधल्या वार्षिक स्मरणसभेला छत्रीपाशी येणार आहेत. त्यांना एवढेच कळवले आहे की एरवी वरपर्यंत गाडी जात नाही, टेकडीवर वारा फार असतो, आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर आयोजकांना आधी सांगून ठेवावे.