तेरा नियमांचा बास्केटबॉल, अमळनेरच्या मुरमावर

मागच्या वेळी ठरवलं होतं की बास्केटबॉल ज्या क्रमानं वाढला त्याच क्रमानं तो शिकायचा. आधी १८९१ चा खेळ, मग बोर्ड (टोपलीमागची फळी), मग ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं), आणि जंप शॉट, म्हणजे उडी मारून चेंडू टाकणं, सगळ्यात शेवटी. पहिला टप्पा आता बऱ्यापैकी बसला आहे. टोपल्या लागल्या, संध्याकाळी ऊन उतरलं की दोन्ही बाजू भरतील इतकी पोरं जमतात, आणि हा खेळ शोधून काढणाऱ्या जेम्स नेस्मिथचे मूळ तेरा नियम त्यांना तोंडपाठ झालेत.

टोपल्यांचं आधी सांगतो, कारण त्यात वेळ गेला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत नेस्मिथनं इमारत सांभाळणाऱ्या माणसाकडे दोन खोकी मागितली होती. खोकी नव्हती, पीच फळाच्या दोन टोपल्या निघाल्या. त्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवरच असते. जानेवारी १८९२ मध्ये नियम छापून आले, त्यात टोपलीचं माप दिलंय: तोंड साधारण पंधरा इंच, खोलीही तेवढीच. आपल्या बाजारातल्या टोपल्या उथळ, म्हणून बुरुडाकडे माप देऊन दोन खोल टोपल्या विणून घेतल्या. एक लोखंडी खांबाला, दुसरी कडुनिंबाच्या आडव्या फांदीला. काठ दुहेरी वळवून घेतला ते बरं झालं, नाहीतर बांबूच्या कामट्या चेंडूच्या माऱ्यानं चार दिवसांत मोकळ्या झाल्या असत्या.

आठवा नियम सांगतो, चेंडू टोपलीत जाऊन तिथंच राहिला तर गोल. या ‘तिथंच राहिला’मध्ये सगळा खेळ आहे. सरळ रेषेत जोरानं मारलेला चेंडू तळाला आपटून उसळतो आणि बाहेर. वरून, कमानीत, अलगद सोडलेला मुकाट्यानं आत बसतो. नेस्मिथला नेमकं हेच हवं होतं. त्याच्यावर वेळच तशी आली होती: हिवाळ्यात कवायतीला कंटाळलेला अठरा जणांचा वर्ग, त्याच्या आधीच्या शिक्षकांनी हात टेकलेले, आणि वरिष्ठ लूथर गुलिक यांनी दिलेली दोन आठवड्यांची मुदत. फुटबॉल आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीनं चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ) बंद खोलीत खेळवून पाहिले तर पोरं जायबंदी व्हायची. मग तो उलटीकडून विचार करत गेला. माणूस माणसावर का आदळतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं असतं म्हणून. तर पळूच द्यायचं नाही. चेंडू जोरात का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर गोल डोक्याच्या वर आडवा ठेवायचा. लहानपणी कॅनडात तो दगडावर ठेवलेला दगड नेम धरून पाडायचा खेळ खेळायचा; त्यात जोरापेक्षा अलगद टाकलेला दगड कामाचा, हे त्याच्या लक्षात राहिलेलं होतं. एका अडचणीला एक नियम, असा हा खेळ जुळत गेला. म्हणूनच मला तो इतका आवडतो.

आमच्यातले निम्मे कबड्डीचे. समोरचा हाताशी आला की धरायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पाचवा नियम त्यांना जड गेला: धरणं, ढकलणं, पाय घालणं, खांदा मारणं, काहीच नाही. दुसऱ्यांदा केलं की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. सुरुवातीला बाहेर बसलेलेच जास्त दिसायचे. आता तीच पोरं चेंडू झेलताना पाय जागेवर रोवून उभी राहतात आणि मान वळवून मोकळा गडी शोधतात. ड्रिबल नाही, धावणं नाही, त्यामुळे पास दिल्याशिवाय गत्यंतर नाही. नवशिक्यांना शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, एक आठवडा तरी असं खेळवून बघा. ‘पास दे, पास दे’ म्हणून घसा कोरडा करावा लागत नाही.

नवव्या नियमानं मात्र धमाल केली. चेंडू बाहेर गेला की जो आधी हात लावेल त्याचा. स्प्रिंगफील्डला चेंडू गॅलरीत गेला की सगळे जिन्याकडे धावायचे; आमचा जातो वेड्या बाभळीच्या झुडपात. कडेला बसणारे एक बाबा एकदा म्हणाले, “टोपलीमा टाकानं सोडीसन काटासमा कसाले पयी राह्यनात रे?” त्यांना नियम सांगितला, तर दुसऱ्या दिवसापासून तेच पंच! पुढे १९१३ च्या सुमारास हा नियम बदलला आणि ज्याच्याकडून चेंडू बाहेर गेला त्याच्या विरुद्ध बाजूला तो मिळू लागला. काटे बघितल्यावर त्या बदलाचं मोल कळतं.

२१ डिसेंबर १८९१ ला झालेल्या पहिल्या सामन्यात दोन्हीकडे नऊ-नऊ गडी होते, आणि एकच गोल झाला, विल्यम चेसचा. आम्हीही दोन-तीन गोलांत आटोपतो. व्हॉलीबॉलवाले हसतात. त्यांना सांगितलं की तुमचा खेळही याच वायएमसीएच्या घरातला: १८९५ मध्ये स्प्रिंगफील्डजवळच्याच होल्योकला विल्यम मॉर्गननं तो काढला, कारण प्रौढ मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. खानदेशात गावोगाव नेट लागतं, पण हे नातं फार थोड्यांना माहीत आहे.

माझा स्वतःचा सराव वेगळ्या वेळी, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर, खऱ्या रिंगवर चालतो. सध्या दोन्ही हातांनी खालून टाकायचा फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा चेंडू. चेंडू दोन्ही बाजूंनी हलका धरायचा, गुडघे वाकवून मांड्यांच्या मध्ये आणायचा, आणि उठता उठता सोडायचा. शेवटी दोन्ही मनगटं एकदम वर. चेंडूला मागच्या बाजूला फिरकी मिळाली तर तो रिंगला लागूनही तिथंच मरतो आणि आत घसरतो. एक मनगट जरा आधी उठलं की चेंडू तिरपा जातो. माझं डावं मनगट हल्लीच ताळ्यावर आलंय. आता अर्ध्याहून जास्त जातात. अमेरिकेचा व्यावसायिक खेळाडू रिक बॅरी आयुष्यभर असंच टाकायचा आणि दहातले जवळजवळ नऊ घालायचा. तिथलाच विल्ट चेंबरलेन, त्यानं २ मार्च १९६२ ला एकाच सामन्यात शंभर गुण केले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो याच पद्धतीनं घातले, आणि पुढे दिसायला बरं नाही म्हणून ती पद्धत सोडली. मला तर हा शॉट देखणाच वाटतो.

पुढचा टप्पा बोर्डाचा. गॅलरीतले प्रेक्षक हात घालून चेंडू वळवायचे म्हणून टोपलीमागे आधी तारेची जाळी आली, लाकडी फळी त्यानंतर. आमच्याकडे गॅलरी नाही, पण निंबाच्या फांदीवर चढून बसणारी बारकी पोरं आहेत. वेल्डरकडे चौकट टाकलीय, जाळी कुंपणाची वापरणार. टोपल्यांचा तळही कापायचा आहे, शिडी लावून चेंडू काढण्यात संध्याकाळ जाते. पाऊस सुरू झाला की मुरमावर चेंडू उसळणार नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना भर पावसात उघड्या मैदानावर झाला आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं, तेव्हाही चिखलात ड्रिबल चालत नव्हतं. म्हणून ड्रिबलचा टप्पा दिवाळीनंतर. तोवर पाच-पाच गड्यांची रचना बसवतो, ती १८९७ ची.