आमची वाटचाल : शून्य, एक आणि दोन

२०११ साली सोलापुरात अशोक चौकात झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली आणि दोन टेबलं टाकली. एक माझं, एक भागीदाराचं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना ऑर्डरचं पोर्टल करून द्यायचं काम. बायर डिझाइन आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) अपलोड करणार, कारखाना ते उतरवून घेणार. पहिलं गिऱ्हाईक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले अण्णा. काम बघायच्या आधीच त्यांनी चेक फाडला होता. पुढची नऊ वर्षं बरी गेली. मधे भागीदार वेगळा झाला.

२०२१ च्या फेब्रुवारीचं मात्र नीट सांगतो, कारण गावात त्याची भलतीच गोष्ट फिरते.

प्रत्येक फाइल आम्ही क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसकडून तपासून घ्यायचो. त्याची क्लॅमडीस्कॅन ही कमांड शेवटी एक आकडा देते. ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे व्हायरस, २ म्हणजे तपासणीच फसली. आमच्या कोडात ओळ होती : १ आला तर अडव, नाहीतर सोड. मीच लिहिलेली.

सर्व्हर दोन जीबीचा. खरी तपासणी करतो तो मागे सतत चालणारा क्लॅमएव्हीचा प्रोग्राम, क्लॅमडी. व्हायरसच्या खुणांची यादी मेमरीत ठेवायलाच त्याला एक जीबीच्या वर लागते. नुकतीच ०.१०३ आवृत्ती टाकली होती. तिच्यात यादी ताजी होताना जुनी आणि नवी दोन्ही काही वेळ मेमरीत असतात. शुक्रवारी रात्री मेमरी संपली आणि लिनक्सने क्लॅमडीलाच उडवलं. सोमवारपर्यंत प्रत्येक फाइलला २ येत होता, आणि आम्ही हिरवी टिक लावत होतो.

ती टिक बघून अण्णांच्या ऑफिसातल्या पोरानं एक एक्सेल उघडली, तिच्यातला मॅक्रो (फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्राम) चालू केला. टॅलीच्या डेटासकट मशीन लॉक. अण्णांच्या कपाटात आदल्या शनिवारचा बॅकअप होता म्हणून वाचलो.

आठवड्यात चार गिऱ्हाइकं गेली. नेणारा कोण? तोच, दुसऱ्या टेबलावरचा. ‘यांच्या पोर्टलमधूनच व्हायरस येतो’ असं सांगत फिरला.

घाबरून आम्ही ओळ उलटी केली : ० सोडून सगळं व्हायरस. एकदा क्लॅमडी सुरू होत असताना अण्णांच्या जुन्या बायरने जॅकार्डचं डिझाइन टाकलं आणि त्याला लाल अक्षरात ‘तुमच्या फाइलमध्ये व्हायरस आहे’ दिसलं. बायर भडकला. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, “मालक, माग बंद पडला म्हणून कापड पासही होत नाही आणि सेकंडच्या मालातही जात नाही. मागावरच राहतं की!”

मग तसंच केलं. २ आला की फाइल वेगळ्या फोल्डरात थांबते, कुणालाच उतरवता येत नाही. बायरला दिसतं, ‘फाइल मिळाली, तपासणी बाकी’. एक, पाच, पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, तरी नाही जमलं तर माझा मोबाइल वाजतो. सर्व्हर चार जीबीचा केला. शिवाय रोज सकाळी आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल आपणच टाकतो. ती पकडली गेली नाही, तर चहा नंतर.

नव्या पोरांना सांगतो, एरर आल्यावर तुमचा कोड काय करतो ते आधी वाचा. आणि वसुली गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी करा. जत्रेनंतर सोलापुरात कुणी फोन उचलत नाही.

चारपैकी दोघं परत आले. उरलेल्या दोघांची २०२० ची बिलं अजून बाकी आहेत.