आईला भूल दिली त्या दिवशी

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली १८ वर्षं रोज कुणाची तरी शुद्ध घालवते आणि परत आणते. मागच्या महिन्यात टेबलावर आई होती. पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये असं मी पाळते, म्हणून सिरिंज सहकाऱ्याच्या हातात आणि मी आईच्या उशाशी.

आई एसटीत चढताना पायरीला नमस्कार करते. केरसुणीला पाय लागला तरी हात जोडते. "सगळ्यात तोच आहे गं." त्या दिवशी आडवं होण्याआधी तिने ऑपरेशनच्या टेबलालाही हात लावून तो कपाळाला नेला.

भुलेचं औषध, प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं असतं. ८ मिलिलीटर. "हात झोंबतोय गं," म्हणाली, एक जांभई आली, पुढचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी तिच्या पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं. पापणी लवली नाही. नाडी होती, रक्तदाब होता, मेंदूच्या लहरी मोजणारं यंत्र ४८ दाखवत होतं, म्हणजे अगदी हवा तसा आकडा. आणि आई कुठेच नव्हती.

औषधाने काय केलं ते मी सांगू शकते. मेंदूच्या पेशींना शांत करणारे जे ग्राहक असतात, त्या गाबा रिसेप्टरचा जोर वाढतो, क्लोराइडचे आयन पेशीत शिरतात, पेशी गप्प होतात. पण त्या जाग्या असताना झोंबणं 'झोंबतं' का, ते यात सापडत नाही. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये कोख यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या. यावरून विज्ञानाने हात टेकले असं मला वाटत नाही. २५ वर्षं फार थोडी होती.

आईच्या म्हणण्यातही मला अडचण दिसते. चैतन्य चराचरात भरलेलं असेल, तर ८ मिलिलीटरने तिची जाणीव विझते कशी? इथे मला तत्त्वज्ञ स्पिनोझा जवळचा वाटतो. भिंगं घासणारा हा माणूस. १६५६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं. ईश्वर आणि निसर्ग त्याच्या लेखी एकच, आणि मन व शरीर ही एकाच गोष्टीची दोन रूपं. म्हणजे औषध शरीराला लागलं, की मनात जे घडतं तीही तीच घटना. हे मला पटतं. पण मग तो पुढे म्हणतो, प्रत्येक वस्तू कमीअधिक प्रमाणात सजीवच. टेबलसुद्धा? तिथे मी अडते.

तासाभराने आईने डोळे उघडले. "कधी सुरू करणार?" झोपेतून उठलं की रात्र सरल्याचं कळतं. तिच्यासाठी मधला तास नव्हताच.

ट्रॉलीवर घेताना तिची बोटं टेबलाच्या कडेला लागली. पुरती शुद्धीवरही नव्हती, पण हात कपाळाकडे निघाला. सलाइनची नळी ताणली गेली, म्हणून मी तो अलगद धरला आणि तसाच वर नेला.