गडहिंग्लज ते गोकाक : पावतीविना गेलेले पाचशे

जुलै संपत आला की बाबांचं सुरू होतं, घटप्रभेला पाणी आलं असेल, गोकाकचा धबधबा बघून येऊया. बाबा गडहिंग्लज डेपोला कंडक्टर होते, बेळगाव लाइनवर बरीच वर्षं काढली, त्यामुळं कन्नड त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. रविवारी सकाळी गाडी काढली, दोघांनीही हेल्मेट घातलं, वरून रेनकोट, आणि संकेश्वर-हुक्केरी करत निघालो.

हुक्केरी सोडलं की दोन्ही बाजूला ऊसच ऊस. पाऊस बारीक होता. एका फाट्यावर झाडामागून पोलीस एकदम रस्त्यात आला आणि हात आडवा धरला. मी ब्रेक दाबला तसं मागचं चाक सरकलं, बाबांनी माझा खांदा गच्च धरला, कशीबशी गाडी सावरली. काळजात धस्स झालं. मे २०२५ मध्ये कर्नाटकातच, मंड्यात असंच झालं होतं, कुत्रं चावलेल्या लहान मुलीला आईबाप बाइकवरून दवाखान्यात नेत होते, हेल्मेट नाही म्हणून ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं, पोरगी खाली पडली आणि ट्रकखाली गेली. तीन सहायक उपनिरीक्षक सस्पेंड झाले, उगाच गाड्या अडवू नका म्हणून वरून आदेश निघाला. तरी ओल्या रस्त्यावर तसाच हात आडवा येतो याचा मला फार राग आला, अजून आहे.

"लायसन्स तोर्सरी." मी डिजिलॉकर उघडून लायसन्स, आरसी दाखवलं. ओरिजिनल पाहिजे म्हणाला. २०१८ सालीच केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना कळवलंय की डिजिलॉकरमधले कागद ओरिजिनलसारखेच धरायचे, हे मी सांगत होतो आणि तो मोबाइलकडं बघतच नव्हता. मग पीयूसी. ती महाराष्ट्राची आहे, इथं चालत नाही म्हणे. अहो, पीयूसी देशभर चालते! दोन हजार भरा नाहीतर गाडी लावा. आजूबाजूनं तिथल्याच, चिकोडी पासिंगच्या केए २३ च्या गाड्या ट्रिपल सीट बिनहेल्मेट जात होत्या आणि बाजूला उभ्या केलेल्या चारही गाड्या आपल्या कोल्हापूरच्या, एमएच ०९.

हे फक्त तिकडंच होतं असं नाही, खरं तेच सांगतो. चिकोडीचा माझा मामेभाऊ केए २३ घेऊन कोल्हापुरात आला की त्यालाही असंच बाजूला घेतात, हीच बोलणी, हाच भाव. भाषेचं भांडण आपलं जुनं आहे, पण इथं भाषा कुणी बघत नाही, नंबर प्लेट बघतात आणि पाहुणा आहे, परत भांडायला येणार नाही हे ओळखतात.

शेवटी पाचशेवर आलं. बाबांनीच नोट काढून दिली. पावती मागितली तर मशीन बंद आहे.

गोकाकला पाणी जबरदस्त होतं. लालसर, गढूळ, १७० फुटांवरून कोसळणारं, तुषार पार तोंडावर येत होते, झुलत्या पुलाकडं बघत लोक फोटो काढत होते. बाबा मात्र गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सगळी नोकरी पैसा घेतला की तिकीट फाडून हातात दिलं रे. एका पॅसेंजरचं चुकलं असतं तरी चेकिंगवाल्यांनी मला घरी बसवलं असतं. त्याला कोण विचारणार?"

मला उत्तर देता आलं नाही. करदंट, म्हणजे गोकाकची ती प्रसिद्ध मिठाई, घेतलं आणि परत फिरलो.

संकेश्वरच्या अलीकडं पुन्हा हात आडवा, दुसरे पोलीस. मी खिशात हात घालणार तेवढ्यात बाबा उतरले, हेल्मेट काढलं, खिशातली छोटी डायरी आणि पेन काढून त्याच्या छातीवरचं नाव लिहून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "दंड हाकरी, रसीदी कोडरी." दंड लावा, पावती द्या. तो चिडला, चावी काढून घेतली, वीस मिनिटं पावसात उभं केलं. बाबा तेच वाक्य बोलत राहिले, आवाज न चढवता, बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्याशी बोलावं तसं. मग मागचा वयस्कर हवालदार आला, डायरीकडं बघितलं, चावी परत दिली. "होगरी." जावा.

बाबा मागं बसले, करदंटाचा पुडा भिजू नये म्हणून रेनकोटच्या आत धरला आणि म्हणाले, "सावकाश घे, पुढं रस्ता निसरडा आहे."