साडेचार वर्षं उभी राहिलेली मारुती आणि गिअर ऑइलची गळती

बाबांची मारुती ८०० ही १९९७ची. एमएच-११ पासिंग, चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली. मार्च २०२०मध्ये ती वाईच्या घराच्या पडवीत लागली, ती मी २०२४च्या दिवाळीत बाहेर काढेपर्यंत जागची हलली नव्हती. बॅटरी नवीन टाकली, जुनं पेट्रोल काढून टाकलं, चिकटलेले ब्रेक सोडवले आणि गाडी चालू झाली. बाबा अंगणात उभे होते. इंजिनाचा आवाज ऐकून ते काही बोलले नाहीत, नुसती बॉनेटवरची धूळ हाताने पुसत राहिले. ही गाडी आता भंगारात जाणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो आणि परत आलो. रात्री काही दिसलं नाही. सकाळी मात्र पडवीतल्या शहाबादी फरशीवर ताटलीएवढा डाग.

आधी वाटलं इंजिन ऑइल असेल. बोटावर घेतलं तर काळं नव्हतं, मधासारखं पिवळट आणि दाट होतं, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येत होता. हा वास गिअर ऑइलचा. ब्रेक ऑइल असतं तर पातळ लागलं असतं.

जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने गाडीखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सगळं पॅकिंग बदलायचं." खर्च ऐकून बाबांचा चेहरा पडला. मला मात्र खर्चापेक्षा दुसरीच गोष्ट खटकत होती. बॉक्सच्या खालच्या अर्ध्या भागावर तेल आणि धुळीचा बोटभर जाड थर बसला होता. त्यात तेल नेमकं कुठून येतंय ते कुणाला कसं दिसणार? तेल ओघळत खाली येतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं आणि भलत्याच ठिकाणाहून थेंब पडतो.

म्हणून गाडी घरी आणली. डिझेल आणि ब्रश घेऊन अख्खा बॉक्स धुतला, चिंधीने कोरडा केला. खाली पुठ्ठा पसरला आणि त्यावर खडूने चाकांच्या जागा आखून ठेवल्या. गाडी नुसती उभी ठेवली तर रात्रभरात एखादाच थेंब. दहा किलोमीटर फिरवून आणली की तासाभरात डाग. म्हणजे बॉक्स तापला की गळती वाढत होती. एवढं कळलं, पण कारण काही सुचेना.

ते दाखवलं वाईतल्याच एका जुन्या मिस्त्रीकाकांनी. त्यांनी गाडीखाली जायच्या आधी बॉनेट उघडलं आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असलेली बारीक श्वासनळी चाचपली. तिचं तोंड मातीने गच्च बुजलेलं होतं. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. काकांनी तारेने टोकरलं तशी सुकी माती पडली, तिच्याबरोबर अळीचं रिकामं कवचही. "बॉक्सला काय झालेलं न्हाई," काका म्हणाले, "श्वास घ्यायला जागाच न्हवती त्याला."

त्याचं असं होतं, की चालताना बॉक्स तापतो आणि आतली हवा फुगते. ती नळीतून बाहेर गेली नाही, तर जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेलाला ढकलते. आमच्या गाडीत कमजोर जागा होती डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी. नळी मोकळी केल्यावर गळती निम्म्याहून कमी झाली, पण थांबली नाही. सील बदलणं भागच होतं.

तेल काढायच्या आधी काकांनी भरायचा बोल्ट सैल करून पाहिला. हे मला फार पटलं. आधी खालचं तेल सोडलं आणि मग वरचा बोल्ट गंजून जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते. शीतपेयाच्या बाटलीने मोजलं, तर तेल सव्वा लिटरच्या आसपास निघालं. पुढे भरताना दोन लिटरच्या आसपास बसलं. बॉक्स एवढ्या कमी तेलावर घाट चढून आला होता, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

शाफ्ट बाहेर आल्यावर सील हातात घेतलं. नव्या सीलची कड बोटाने दाबली की वाकते. ही नखासारखी कडक झाली होती. शाफ्ट फिरत राहिला की सीलच्या कडेला तेल लागत राहतं, उभ्या गाडीत ते लागत नाही. साडेचार वर्षं एकाच जागी दाबून राहिलेल्या रबराने तसाच आकार धरला होता. शाफ्टवरही, कड टेकते तिथे, गंजाचे मोहरीएवढे दोन ठिपके होते. ते तसेच ठेवले असते तर नवीन सीलही महिन्याभरात फाटलं असतं. काकांनी तेलात भिजवलेला अगदी बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून ते घालवले. आडवा एकही ओरखडा उठू दिला नाही. सीलच्या कडेला ग्रीस लावलं, स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवली आणि पाइपाच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवलं. उजवीकडचं सीलही बदललं आणि ड्रेन बोल्टला तांब्याचं नवीन वॉशर घातलं.

तेल आणायला गेलो तेव्हा दुकानदार जीएल-५ या दर्जाचं गिअर ऑइल देत होता, "हे वरचं आहे" म्हणून. मी जीएल-४च मागून घेतलं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं. जुन्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, ते मानवत नाही आणि गिअर पडायला जड होतात. बाटलीवरचा आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असं इथे चालत नाही.

पुठ्ठा पुन्हा पसरला. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी वाकून बघायचे. आठ दिवस कोरडा. नवव्या दिवशी आम्ही दोघं महाबळेश्वरला जाऊन आलो, पुढच्या सकाळीही कोरडाच.

आता गाडी पंधरा दिवसांतून एकदा कृष्णेच्या पुलापर्यंत तरी जातेच, बॉक्स चांगला तापेपर्यंत. श्वासनळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची बारीक जाळी तारेने आवळली आहे. पडवीच्या वाशावर कुंभारणीने यंदा पुन्हा मातीची दोन घरं केली आहेत. ती मी मोडलेली नाहीत.